प्रथमदर्शनाचा कार्यक्रम

"कोण दिसतंय, मावशी?" बंकटरावांनी विचारलं. दोन्ही डोळ्यांवर हिरव्या कापडाची जाड पट्टी असलेल्या बायडाबाईनं मान जराशी वर केली आणि भिंतीकडं तोंड करून जोरात सांगितलं, "रुद्रेसशेठ तोडकर दिसतेत." शाळेच्या वर्गात हशा पिकला. बंकटराव खूष झाले. "तिकडं न्हाई, इकडं बघून म्हणायचं," असं म्हणत त्यांनी तिची हनुवटी धरून तोंड रुद्रेशकडं वळवलं, फोटोवाला नवरीचं वळवतो तसं. रुद्रेशही हसला. आपण यांच्याबरोबर हसतोय याचं त्याला बरं वाटत होतं, कारण या माणसांच्या हसण्यात सामील व्हायला त्याला फार वर्षं लागली होती. तेवढ्यात बायडाबाईनं हवेत चाचपडत हात पुढं केला. तो त्याच्या मनगटावर पडला आणि तिथंच घट्ट बसला. हात कोरडा होता, तापलेला, उन्हात पडलेल्या खोऱ्याच्या दांड्यासारखा. बंकटराव पुढच्या म्हाताऱ्याकडं वळले होते. तिनं आवाज खाली घेतला, "शेठ, रात्रीपून लई ठणकतंय ओ. आत कुणी बिब्बा घातल्यावानी. जरा सोडता का पट्टी?" हसणं रुद्रेशच्या तोंडावर तसंच राहिलं. ते आता काढायचं कसं, हे त्याला कळेना.

धारूरच्या बालाघाट सेवा क्लबची नव्या सदस्याची ओळख करून द्यायची ही रीत होती. बाकीच्या गावांत हार घालतात, कोटाला पिन लावतात, टाळ्या वाजवतात आणि जेवायला बसतात. पण बंकटराव नुसत्या हारावर भागवणारे नव्हते. सरकीचा त्यांचा कारखाना होता, गढीखाली दुमजली घर होतं, आणि क्लबचं अध्यक्षपद त्यांच्याकडं इतकी वर्षं होतं की दुसऱ्या कुणी ते मागितलं असतं तर लोकांनाच चमत्कारिक वाटलं असतं. त्यांनी ही रीत काढली. मोतीबिंदूचं शिबिर घ्यायचं. बाहेरून डॉक्टर आणायचे. ऑपरेशन झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर पट्ट्या उघडतो, डोळा बघतो, थेंब घालतो. पण नवे सदस्य जेवढे, तेवढी म्हातारी माणसं बाजूला काढायची आणि त्यांच्या पट्ट्या कार्यक्रमापर्यंत तशाच ठेवायच्या. ऑपरेशन एका डोळ्याचं. पण दुसराही हलू नये म्हणून पट्टी दोन्हींवर, म्हणजे माणूस ठार आंधळं. मग स्टेजवर नवा सदस्य आपल्या हातानं पट्टी सोडणार, बंकटराव माईकवर विचारणार, 'कोण दिसतंय?' आणि ज्याच्या आयुष्यातून उजेड गेलेला, ते माणूस पहिलं तोंड बघणार नव्या सदस्याचं, पहिलं नाव घेणार नव्या सदस्याचं. झाली ओळख. पत्रिकेत याला 'प्रथमदर्शन' म्हणत, देवळातल्यासारखं. त्याचा फोटो पेपरात यायचा. फोटोत म्हातारी रडत असायची. का रडत असायची हे कुणी विचारलेलं नव्हतं. रुद्रेशनंही नव्हतं. ते फोटो त्यानं दुकानात गिऱ्हाईक नसताना कितीदा तरी बघितले होते, आणि म्हातारीच्या जागी कधीच कुणाला बघितलं नव्हतं, फक्त कोटवाल्याच्या जागी स्वतःला.

"अध्यक्षसाहेब, मावशीचा डोळा दुखतोय म्हणते," तो वर्गाबाहेर आल्यावर म्हणाला. "दुखणारच की. टाके हायत आत, का मोगऱ्याचं फूल हाय?" बंकटराव खिशातून सुपारी काढत होते. "न्हाई, पण डॉक्टर जाताना म्हणले होते, उघडायला उशीर करू नका." "अरे, डॉक्टर लोकाईचं कामच हाय भ्या घालायचं. कार्यक्रम कालच व्हायचा होता. प्रांतपालसाहेबांची तारीख बदलली, त्याला आपण काय करावं? आज तिसऱ्या पहरी येतेत. आता सकाळीच पट्टी सोडली तर स्टेजवर काय सोडणार? माझं धोतर?" आणि ते स्वतःच इतके हसले की रुद्रेशला पुन्हा हसावं लागलं. मग त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात जड होता, अंगठ्यांनी भरलेला, आणि खरं सांगायचं तर हवाहवासा होता. "रुद्रेश, तुझा बाप आज असता तर बघत राहिला असता. काय?" रुद्रेशनं मान हलवली. त्याच्या मनगटावर अजून तिची पाच बोटं जाणवत होती. नळाखाली हात धरावा असं त्याला वाटलं. शाळेच्या नळाला पाणी नव्हतं.

बाप असता तर काय बघत राहिला असता, हे घरी जाताना त्याच्या डोक्यात फिरत राहिलं. शिवलिंगप्पा तोडकर बाजार करायचा. वडवणीचा बाजार, धारूरचा बाजार, मधल्या वाड्यावस्त्यांचे बाजार. खडेमीठ, मिरची, हळकुंडं, नारळ. पोत्यावर बसून रुद्रेश मोठा झाला. मिठाचं पोतं बसायला कधीच कोरडं लागत नाही, उन्हाळ्यातही चड्डी दमट व्हायची आणि मांड्या चरचरायच्या. आलं-गेलं माणूस विचारायचं, "कोनाचा बे तू?" आणि उत्तर एकच होतं, "मीठवाल्या आप्पाचा." नाव कुणी विचारत नसे. या मुलखात माणसाला नाव फार उशिरा मिळतं; आधी तो कुणाचा तरी असतो, कुठल्या तरी गल्लीचा असतो, कुठल्या तरी देवाच्या बाजूचा असतो. रुद्रेशनं एसटी स्टँडासमोर टेलिफोनचं बूथ टाकलं, मग टीव्ही आणले, मग मोपेडची एजन्सी घेतली, डिश लावून गल्लीगल्लीत केबलची वायर ओढली. ज्या घरांत त्याच्या बापाला ओसरीच्या खाली बसवून मीठ मापून घेत, त्या घरांच्या माजघरात तो आता बुटासकट रिमोट समजावून सांगायला जाऊ लागला. तरी लोक म्हणायचेच, मीठवाल्याचा पोरगा लई वर आला. वर आला म्हणजे तो खाली होता हे प्रत्येक वेळी पुन्हा सांगायचं. क्लबच्या स्टेजवरून माईकवर एकदा कुणीतरी म्हणावं, 'श्री. रुद्रेश तोडकर', आणि त्याच्या आधी-नंतर काही असू नये, एवढंच त्याला हवं होतं. एवढ्याशा गोष्टीसाठी माणूस किती वाकतो, हे वाकलेल्या माणसाला कळत नाही. त्याला फक्त समोरचे बूट चकचकीत दिसतात.

घरी बायकोनं, शिवांजलीनं, कोट इस्त्री करून ठेवला होता. मे महिन्यात कोट. "घालायलाच पाहिजे का? घामानं चिंब व्हताल," ती म्हणाली. "पिन कशाला लावतेत मग, बनियनला?" तो खेकसला. ती त्याच्याकडं बघत राहिली. "काय झालं?" "काही न्हाई." मग त्यानं सांगितलंच. मावशी कुठल्या तरी तांड्यापलीकडच्या वस्तीवरची आहे, वाकळा शिवून पोट भरते, सुईत दोरा ओवायला शेजारच्या पोरींच्या विनवण्या कराव्या लागतात म्हणून ऑपरेशनला आली, आणि आता डोळा ठणकतोय. शिवांजलीनं कोटाच्या खिशाची घडी सरळ केली. "मग सोडायची ना पट्टी." "मी काय डॉक्टर हाय?" "दुपारी स्टेजवर सोडणारच हाव की तुमी. तवा काय डॉक्टर व्हनार हाव?" राग आला की तो आरशात बघत भांग पाडायचा. तो भांग पाडत राहिला. बायकोवर राग, बंकटरावावर राग, त्या म्हातारीवरही राग, की तिनं पाच नव्या सदस्यांतल्या दुसऱ्या कुणाचा हात का धरला नाही. आरशातल्या माणसाच्या कपाळावर घाम होता. डोळे मात्र शाबूत होते. ते त्याच्याकडं असे बघत होते की त्यानं कंगवा खाली ठेवला.

मंगल कार्यालयात क्लबचा निळा पडदा लावला होता. पाच नवे सदस्य एका बाजूला, पाच पट्टीवाले दुसऱ्या बाजूला, आणि मधे प्रांतपालांची, म्हणजे क्लबच्या वरच्या मोठ्या पदाधिकाऱ्याची, रिकामी खुर्ची, तिच्यावर टर्किशचा टॉवेल. प्रांतपाल औरंगाबादहून निघालेत, गेवराईत थांबलेत, बीडमध्ये चहाला थांबलेत, अशा बातम्या येत राहिल्या. पंखे गरम हवा फिरवत होते. पट्टीवाल्यांना सकाळच्या चहावरच आणून बसवलं होतं, कारण जेवून आले की म्हातारे खुर्चीतच झोपतात, असा मागच्या वर्षीचा अनुभव. रुद्रेशच्या शेजारी खताच्या दुकानाचा रामहरी बसला होता, गळाबंद कोटात फुगलेला. "माझा म्हातारा पाठांतराला लई पक्का हाय," तो कानात म्हणाला. "धुळाजी नाव हाय. मेंढरं राखायचा. एकदा सांगितलं, दगडावर कोरल्यावानी. तुझी मावशी जरा ढिली वाटती बे." रुद्रेशनं समोर बघितलं. बायडाबाई खुर्चीत तिरकी झाली होती. एक हात पट्टीपाशी जायचा, पट्टीला न टेकता मागं यायचा. टेकू नका म्हणून सांगितलं होतं, ती टेकत नव्हती. तेवढं एक सांगितलेलं पाळायचं म्हणून तिचं सगळं अंग ताठ झालं होतं, आणि ते ताठपण त्या भरल्या हॉलमध्ये कुणाला दिसत नव्हतं. ज्यांना डोळे होते ते पत्रिकेनं वारा घेत होते.

तो उठून तिच्याकडं गेला. "पाणी देऊ का, मावशी?" "कोन, रुद्रेसशेठ?" तिनं आवाजावरून ओळखलं. "पाणी नगं. वकारी यायलीय. डोस्कं फुटतंय. शेठ, डोळ्याचं दुखणं दातात येतं का ओ?" पट्टीच्या खालच्या कडेला ओल होती. पिवळट, वाळून कडक झालेली, आणि तिच्यावर पुन्हा ओली. त्याच्या नाकात वास आला, पावसाळ्यात कोंदटलेल्या कापडाचा असतो तसा, पण त्याच्या खाली दुसरा एक, गोडसर. त्यानं मागं वळून बंकटरावांना खूण केली. बंकटरावांनी लांबूनच तळहात दाखवला. थांब. आणि रुद्रेश थांबला. खुर्चीत जाऊन बसला. तो का बसला, हे पुढं त्यानं स्वतःला पुष्कळदा विचारलं असेल. पण त्या वेळी त्याच्या मनात जे होतं ते इतकंच, की आता उठलो तर मीठवाल्याचा पोरगा ऐन वेळी घाबरला असं म्हणतील. एका बाईचा डोळा नासत होता आणि तो लोक काय म्हणतील ते ऐकत होता, आणि लोक तर अजून काहीच म्हणालेही नव्हते.

प्रांतपाल आले. घंटा वाजवून सभा सुरू झाली. दीपप्रज्वलन झालं, स्वागतगीत झालं. प्रांतपाल सेवेवर बोलले. सेवा हा शब्द त्यांच्या तोंडात इतका गुळगुळीत झाला होता की तो कशालाच अडकत नव्हता. ते म्हणाले की जग आता जवळ आलंय, देशाचे दरवाजे उघडलेत, आपल्या तालुक्यातल्या माणसानंही डोळे उघडले पाहिजेत. आणि या वाक्यावर बंकटरावांनी पट्टीवाल्यांकडं हात करून अशा काही टाळ्या वाजवल्या की सगळा हॉल वाजवायला लागला. पट्टीवाल्यांपैकी दोघांनी टाळ्या कुणासाठी ते न कळून हात जोडले. मग पहिल्या सदस्याची ओळख झाली, पट्टी सुटली, नाव घेतलं. मग रामहरी. धुळाजीच्या डोळ्यावरून पट्टी उतरली. बंकटराव गरजले, "बाबा, कोण दिसतंय?" म्हाताऱ्यानं मान ताठ केली आणि रानात हाळी द्यावी तसं म्हणाला, "रामहरीशेठ दिसतेत!" हॉल दणाणला. रामहरीनं त्याच्या पायांना हात लावला, फोटोवाल्यासाठी तसाच थोडा वेळ लावून ठेवला. धुळाजीला काळा चष्मा मिळाला, घोंगडी मिळाली. घोंगडी त्यानं बोटांनी चाचपून बघितली, लोकर खरी आहे का ते. मेंढरांतला माणूस.

"आता आपले तरुण मित्र, श्री. रुद्रेश तोडकर." ते आलं. इतकी वर्षं कानात वाजवून बघितलेलं ते आलं, आधी-नंतर काही न लागता. पण बंकटरावांचं तेवढ्यावर भागलं नाही. "आप्पा मीठवाले आपल्या सगळ्यांना आठवतेत. पोत्यावर बसलेलं हे लेकरू आज या स्टेजवर बसलंय. ही क्लबची ताकद हाय!" क्लबची. रुद्रेशला एकदम थंड वाटलं, कोटाच्या आत, घामाच्या आत. टाळ्यांत तो चालत गेला. बायडाबाईच्या मागं उभा राहून त्यानं गाठ सोडली. कापड वेढ्यावेढ्यानं सुटत गेलं. शेवटचा कापूस निघेना, चिकटला होता. तिनं ओठ आत ओढून घेतले, आवाज केला नाही. कापूस निघाला आणि त्यानं पुढं येऊन बघितलं. पापण्या सुजून फुगल्या होत्या आणि त्यांच्या फटीत डोळा नव्हताच जणू, ढवळलेल्या ताकासारखं काहीतरी होतं, आणि काठाला पू. दुसरा डोळा जुन्या मोतीबिंदूनं पांढरा. ती दोन्ही पांढरेपणं त्याच्या छातीच्या जरा डावीकडं बघत होती. "मावशी, कोण दिसतंय?" बंकटरावांनी माईक तिच्या तोंडाशी नेला. तिनं आवाजाचा अंदाज घेतला. तोंड वळवलं. आणि इतकं स्पष्ट, इतकं चुकीशिवाय म्हणाली, "रुद्रेश तोडकर दिसतेत." टाळ्या. बंकटरावांच्या हातातली पिन त्याच्या कोटात शिरली. फोटोचा लख्ख उजेड तिच्या तोंडावर पडला. तिची पापणी लवली नाही.

"तिला दिसत न्हाई," रुद्रेश म्हणाला. टाळ्यांत ते बुडालं. त्यानं माईक ओढला. "तिला दिसत न्हाई! पू झालाय आत! सकाळपून सांगतोय मी!" आपला आवाज स्पीकरमधून परत आलेला त्याला ऐकू आला, चिरका, बाजारात भावावरून भांडणाऱ्या माणसाचा. बंकटराव हसत त्याच्या आणि प्रांतपालांच्या मधे आले आणि हसणं न मोडता दातांतून म्हणाले, "खाली बस बे. लोकं बघायलेत." "बघू द्या की. बघायचाच कार्यक्रम हाय ना तुमचा? या, बघा इथं येऊन! कोन दिसतंय विचारता, माणूस दिसंना झालं तरी नाव तुमचंच घ्यायचं?" "रुद्रेश!" आता हसणं गेलं. "स्टेजवर कसं वागायचं ते तुला कळत न्हाई, तुझी चूक न्हाई ती. मिठाच्या पोत्यावर वाढल्यावर असंच व्हतं." हॉलमध्ये कुणीतरी हसलं. रुद्रेशला वाटलं होतं हे वाक्य ऐकलं की आपण मरू. ते आलं, आणि काहीच झालं नाही. उलट मांड्यांना तो जुना दमट चरचराट जाणवला आणि पाय जमिनीला लागले. "मिठावरच वाढलो. मीठ जखमेला लावलं तर माणूस वरडतं तरी," तो म्हणाला. "तुमी तिला वरडायची बी सोय ठिवली न्हाई." त्यानं बायडाबाईच्या काखेत हात घातला. शिवांजली पहिल्या रांगेतून आधीच उठली होती. जिन्याशी येऊन तिनं म्हातारीचा दुसरा हात धरला. कुणी अडवलं नाही. प्रांतपाल घड्याळ बघत होते. मागं बंकटरावांचा आवाज पुन्हा गोड झाला, "थोडं ऊन लागलंय आमच्या मित्राला," आणि पुढच्या सदस्याचं नाव पुकारलं गेलं.

अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्याकडं त्यानं दुकानाची व्हॅन पिटाळली. घाट उतरताना प्रत्येक खड्ड्याला मागून हुंकार यायचा. शिवांजलीनं तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. बायडाबाई बोलली, आणि ती रागावलेली होती. "कावून आणलं ओ मला उठवून? चष्मा राह्यला तिथंच. घोंगडी राह्यली. म्या नाव बराबर घेतलं का न्हाई?" "घेतलं, मावशी." "मग?" त्यानं आरशातून मागं बघितलं. "तुमाला दिसत नव्हतं, तर दिसतंय म्हणून कशाला सांगितलं?" ती लहान पोराला समजवावं तशी म्हणाली, "आसं कसं सांगावं, लेकरा? येवढी मानसं जमलेली. तुमी लोकांनी येवढा खर्च केला, जिलबी केली. दिसत न्हाई म्हनलं तर तुमची आब्रू ऱ्हाती का?" रस्त्यावर बैलगाडी आडवी आली, त्यानं हॉर्नवर हात दाबून ठेवला. गाडी गेली तरी काढला नाही. शिवांजली म्हणाली, "आवो, बास." त्याला त्या क्षणी बंकटरावाचा गळा धरावासा वाटत होता, प्रांतपालाच्या टॉवेलवर थुंकावंसं वाटत होतं, आणि सगळ्यांत जास्त राग येत होता तो या शांत, समजूतदार आवाजाचा, जो स्वतःचा डोळा गमावून त्यांची अब्रू झाकत होता. या बाईनं शिव्या दिल्या असत्या तर त्याला गाडी चालवणं सोपं गेलं असतं.

दवाखान्यातली डॉक्टरीण वयानं लहान होती. बॅटरीनं डोळा बघितला आणि तिनं नर्सला दोन-तीन गोष्टी एकदम सांगितल्या. बायडाबाईला आत नेलं. परत आल्यावर डॉक्टरीण रुद्रेशच्या कोटाकडं, पिनेकडं बघत म्हणाली, "कालच उघडायला हवी होती पट्टी. काल आणलं असतं तर काही करता आलं असतं. आता डोळा राहतो का बघायचं, नजरेचं विसरा." त्यानं पिनेवर हात ठेवला. "त्याच दिवशी केलेले बाकीचे पेशंट कुठं आहेत?" "त्यांच्या पट्ट्या दुसऱ्याच दिवशी डॉक्टरनं उघडल्या, औषध घातलं. मागं ठेवलेले आणखी चौघंच. पण त्यांचं ठीक हाय. स्टेजवर मी बघितलं ना, त्यांना दिसतंय. दोघांनी तर माझ्यासमोर नावं घेतली." डॉक्टरीण त्याच्याकडं बघत राहिली. रागानं नाही, थकून. "हिनंही घेतलं होतं ना?" ती म्हणाली.

बाहेर येऊन त्यानं बूथवरून बंकटरावांच्या घरी फोन लावला. साहेब पाहुण्यांबरोबर आहेत असं कुणीतरी सांगितलं. पुन्हा लावला, कुणी उचलला नाही. शिवांजलीला म्हातारीपाशी ठेवून तो निघाला. कोट काढून मागच्या सीटवर टाकला, पिनेसकट. दिवस कलायला लागला होता, डोंगराच्या कडा तांबूस झाल्या होत्या, आणि त्याच्या डोक्यात एकच चाललं होतं: त्या चौघांनी काय बघितलं? धुळाजीनं मान ताठ केली ती दिसलं म्हणून, का शिकवलं होतं म्हणून? घोंगडी त्यानं बोटांनी चाचपली ती लोकर ओळखायला, का... नव्या सदस्यांची ओळख पक्की व्हावी म्हणून या लोकांनी पाठांतर करून घेतलं, आणि त्या पाठांतरानं अशी पक्की भिंत बांधली की तिच्या पलीकडं कोण बघतंय आणि कोण आंधळं झालंय हे आता देवाच्या बापालाही सांगता येणार नाही. दिसणारा तेच म्हणणार, न दिसणाराही तेच म्हणणार. आणि त्या भिंतीवर त्याचंही नाव लिहिलेलं होतं, त्यानं स्वतः सकाळी हसत हसत लिहवून घेतलेलं.

शाळेच्या वर्गात ट्यूबलाइट लागली होती. जेवणं उरकून पेशंट आपापल्या अंथरुणावर होते. धुळाजी खिडकीखाली, नवी घोंगडी पांघरून, भिंतीला टेकून बसला होता. काळा चष्मा त्यानं सदऱ्याच्या खिशात नीट ठेवला होता, फुटू नये म्हणून. रुद्रेश त्याच्यासमोर उकिडवा बसला, इतका जवळ की म्हाताऱ्याचा श्वास त्याच्या तोंडावर येत होता. ट्यूबलाइटचा उजेड सरळ त्याच्यावर, रुद्रेशवर पडला होता. कोट नाही, टाय नाही, रामहरीपेक्षा हातभर उंच, रामहरीपेक्षा काळा. "बाबा," तो म्हणाला. "काय दिसतंय?"

म्हातारा दचकला. घाईघाईनं डोक्यावरचा पटका सारखा केला, हात जोडले, तोंड आवाजाकडं वळवलं, आणि त्याच खणखणीत हाळीनं म्हणाला, "रामहरीशेठ दिसतेत!"

आजूबाजूचे पेशंट उठून बसले.

"मी रामहरी न्हाई, बाबा."

धुळाजीचे जोडलेले हात तसेच राहिले. त्याच्या तोंडावर भीती पसरली, चुकलेल्या माणसाची. घोंगडी त्यानं छातीशी ओढून धरली, कुणी परत घ्यायला आलंय अशी.

"मंग तुमचं नाव सांगा ना, मालक," तो म्हणाला. "तुमचं घेतो."